मैदान कोणाचे?

एखादी जमीन कोणाची, असे कोणी विचारले तर आपण सातबाराचा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा पुढे करतो आणि वाद मिटला असे समजतो. परंतु त्याच जमिनीवर तीन-चार पिढ्या लोक जमत आले असतील, बापाने मुलाला खांद्यावर बसवून तेथे नेले असेल आणि त्या मुलाने पुढे आपल्या मुलाला नेले असेल, तर उताऱ्यावरचे नाव वाचून प्रश्न संपत नाही. किंबहुना खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

आज जी हकीकत मांडावयाची आहे ती इंग्लंडच्या उत्तरेकडील ब्रॅडफर्ड या शहराची आहे. तेथे ओड्सल नावाचे एक प्रचंड क्रीडांगण आहे. जमीन सार्वजनिक, म्हणजे तेथील कौन्सिलची. या कौन्सिलला आपण आपल्या सोयीसाठी नगरपालिकाच म्हणू. मैदानावर खेळणारा क्लब मात्र खाजगी. आणि २०१२ साली त्या जागेचा भाडेपट्टा विकत घेतला तो या दोघांनीही नव्हे, तर खेळाच्या मध्यवर्ती संस्थेने. अशा रीतीने एका मैदानाला तीन धनी झाले. ज्या घराला तीन धनी असतात त्याचे छप्पर कोणी शाकारावयाचे, हे आपल्यापैकी ज्यांनी भाऊबंदकी पाहिली आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

ओड्सलचे पुढे काय होणार, हा प्रश्न ब्रॅडफर्डमध्ये गेली तीस-चाळीस वर्षे विचारला जात आहे. प्रश्न दूरदेशीचा असला तरी त्यात गुंतलेला विचार कोणत्याही गावच्या नागरिकाने करावा असाच आहे.

खेळ आणि तो खेळणारे लोक

प्रथम खेळाविषयी थोडेसे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावावयाचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीवर टेकवावयाचा, हे रग्बीचे मूळ रूप. परंतु या खेळाच्या दोन शाखा आहेत आणि त्या दोन का झाल्या हे समजल्याखेरीज ओड्सल समजणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडे रग्बी खेळणारे पुष्कळसे लोक गिरणीकामगार आणि खाणकामगार होते. सामना शनिवारी असे, आणि सामन्यासाठी कामाची पाळी चुकली की तेवढी मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. खेळाची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या मंडळींना ती मानवली नाही. हौशी खेळात पैशाचे नाव नको, असे त्यांचे म्हणणे. ज्याच्या घरी शनिवारच्या मजुरीवाचून चूल पेटण्याची अडचण नव्हती त्याला असे म्हणणे सोपे होते! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी आपला वेगळा संघ स्थापन केला. तीच पुढे ‘रग्बी लीग’ झाली. १९०६ साली खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणण्यात आली आणि हळूहळू नियमही वेगळे झाले. आज या खेळात चेंडू घेऊन धावणारा पकडला गेला की तो उठून खेळ पुढे चालू करतो. पण आपल्या हुतूतूत जसा दम सुटला की डाव संपतो, तशी येथे सहावी पकड झाली की चेंडू दुसऱ्या पक्षाच्या स्वाधीन करावा लागतो.

सांगावयाचा मुद्दा हा की, रग्बी लीग हा खेळ मजुरीच्या प्रश्नातून जन्माला आला. त्यामुळे यॉर्कशर आणि लँकेशर या परगण्यांतील गिरण्यांच्या नि खाणींच्या गावांत तो केवळ करमणुकीचा विषय राहिला नाही. तो गावाच्या स्वाभिमानाचा विषय झाला.

ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. १८९५ च्या बंडात तेथील दोन क्लब सामील होते. त्यांपैकी मॅनिंगहॅम या क्लबाने नव्या संघाचे पहिलेच अजिंक्यपद पटकावले, आणि गंमत अशी की त्याच क्लबाने १९०३ साली रग्बी सोडून फुटबॉल पत्करला! दुसरा क्लबही १९०७ साली त्याच वाटेने गेला. परंतु त्याच्या सभासदांपैकी काहींना हे रुचले नाही. त्यांनी बाहेर पडून ‘ब्रॅडफर्ड नॉर्दर्न’ नावाचा नवा रग्बी क्लब काढला. खेळ त्यांच्यापाशी राहिला, पण पार्क अॅव्हेन्यूचे सुंदर मैदान फुटबॉलवाल्यांकडे राहिले. म्हणजे हा क्लब जन्मला तोच बेघर होता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढची पंचवीसेक वर्षे त्याने लहानसहान जागांवर काढली.

केरातून उभे राहिलेले मैदान

शहराच्या दक्षिणेस ओड्सल टॉप नावाची उंचावरची जागा आहे. तेथे एक जुनी खाण होती आणि त्या खड्ड्यात नगरपालिका गावचा केर टाकीत असे. २० जून १९३३ रोजी नॉर्दर्न क्लबाने ही जागा दहा वर्षांच्या कराराने नगरपालिकेकडून भाड्याने घेतली.

नगरपालिकेच्या सफाई खात्याचे प्रमुख अर्नेस्ट कॉल यांनी या कामी एक नामी युक्ती योजली. केर टाकावयाचाच आहे, तर तो वाटेल तसा न टाकता खड्ड्याच्या चारी बाजूंनी थरावर थर देऊन टाकावा, म्हणजे प्रेक्षकांना बसण्या-उभे राहण्यासाठी आपोआप उतरंड तयार होईल. असे एक लाख चाळीस हजार गाड्या केर तेथे पडला, आणि शहराने फेकून दिलेल्या राखेतून, चिंध्यांतून नि खापऱ्यांतून एक प्रचंड वाडगा तयार झाला. या उतारावर पायऱ्या केल्या त्यादेखील रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या. १ सप्टेंबर १९३४ रोजी मैदानाचे उद्घाटन झाले. वीस हजार लोक जमले होते. हडर्सफील्डने यजमानांना ३१ विरुद्ध १६ गुणांनी हरविले, पण त्या दिवशी पराभवाचे दुःख कोणाला फारसे झाले नसावे. क्लबाला अखेर घर मिळाले होते.

या मैदानाची रचना विलक्षण आहे. रस्ता वर आणि मैदान खाली. प्रेक्षक वरून आत येतो आणि त्याला तळाशी हिरवळ दिसते. कपडे बदलण्याच्या खोल्याही पूर्वी वरच्या काठावर होत्या. त्यामुळे खेळाडूंना गर्दीतून, लोकांच्या थापा आणि टोमणे झेलीत, लांबलचक पायऱ्या उतरून खाली जावे लागे, आणि सामना हरला तर त्याच पायऱ्या चढून वर यावे लागे. पुढे मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी मैदानाभोवती धावपट्टी आखण्यात आली. तिच्या वळणांनी रग्बीच्या मैदानाचे कोपरे थोडेथोडे कापले गेले, हेही तेथील एक वैशिष्ट्य. मैदान एकाच खेळाचे नाही, याची ती खूणच होती.

एक लाख माणसे आणि तीनशे चोवीस माणसे

ओड्सलचा सर्वांत मोठा दिवस ५ मे १९५४ हा होय. रग्बी लीगच्या चॅलेंज कपाचा अंतिम सामना हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन यांच्यात लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ४-४ असा बरोबरीत सुटला होता. पुन्हा सामना घ्यावयाचा तो ओड्सलला घ्यावा असे ठरले. तो बुधवार होता. हॅलिफॅक्स जवळच, पण वॉरिंग्टनचे लोक पेनाइन डोंगर ओलांडून आले. अधिकृत मोजणी झाली ती १,०२,५६९ प्रेक्षकांची. तिकिटावाचून आत शिरलेले निराळे. वॉरिंग्टनने सामना ८-४ असा जिंकला. परंतु तो निकाल कोणी विसरले तरी तो आकडा विसरत नाही. रग्बी लीगच्या इतिहासातील गर्दीचा तो विक्रम पुढे पंचेचाळीस वर्षे, म्हणजे १९९९ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीत तो मोडेपर्यंत, टिकला. ज्या खड्ड्यात शहराने आपला केर टाकला होता त्याच खड्ड्याच्या काठावर एक लाख माणसे उभी होती!

आणि आता दुसरा आकडा पाहा. १९६३ च्या नोव्हेंबरात त्याच मैदानावर नॉर्दर्न आणि बॅरो यांचा सामना झाला, त्याला प्रेक्षक होते फक्त ३२४. एक लाख मावतील अशा वाडग्यात तीनशे चोवीस माणसे कशी दिसली असतील याची कल्पना करावी. डिसेंबरात क्लब बुडाला. १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वर्षे वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचून दोनदा कप जिंकणारा क्लब चौदा वर्षांत नाहीसा झाला.

येथे क्षणभर थांबावयास हवे, कारण या हकीकतीतील पहिली महत्त्वाची गोष्ट येथे आहे. क्लब बुडाला, पण मैदान बुडाले नाही. ते क्लबाच्या मालकीचे असते तर सावकारांनी ते विकले असते आणि तेथे घरे उभी राहिली असती. जमीन नगरपालिकेची होती म्हणून ती जागच्या जागी राहिली. ट्रेव्हर फॉस्टर आणि जो फिलिप्स या दोन जुन्या खेळाडूंनी पुढाकार घेतला, गावकऱ्यांकडून पैसा उभा केला, आणि १९६४ च्या हंगामात क्लब पुन्हा उभा राहिला तो त्याच ओड्सलवर.

याच्या उलट उदाहरण स्विंटन या क्लबाचे. १९२७-२८ च्या हंगामात त्या काळचे चारही चषक एकाच वर्षी जिंकणारा हा नामांकित क्लब. त्याचे स्टेशन रोडचे मैदान त्याचे स्वतःचे होते. कर्ज झाले तेव्हा १९९२ साली ते विकावे लागले. तेथे घरे झाली, आणि क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर पाहुण्यासारखा फिरत राहिला. हॅलिफॅक्सने थ्रम हॉल १९९८ साली सोडले आणि विगनने सेंट्रल पार्क १९९९ साली सोडले. त्या दोन्ही जागी आज मोठाली दुकाने आहेत. या दोघांना निदान दुसरे चांगले मैदान मिळाले. स्विंटनला तेवढेही मिळाले नाही.

आग आणि तिच्यानंतरचा खर्च

दुसरी महत्त्वाची गोष्ट घडली ती ओड्सलवर नव्हे, तर त्याच शहरातील व्हॅली परेड या फुटबॉलच्या मैदानावर. ११ मे १९८५ रोजी सामना चालू असता तेथील लाकडी प्रेक्षागाराला आग लागली. बाकांखाली वर्षानुवर्षे कागद आणि कचरा साठला होता. त्यावर ठिणगी पडली आणि काही मिनिटांत सारे छप्पर पेटले. ५६ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या मैदानाची डागडुजी आणि झाडलोट ‘पुढे पाहू’ म्हणून राहिली त्याची किंमत ब्रॅडफर्डने अशी मोजली. या प्रसंगी बेघर झालेल्या फुटबॉल क्लबाला काही काळ आसरा दिला तो ओड्सलनेच.

या आगीनंतर इंग्लंडात क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. किती माणसे आत सोडावयाची, बाहेर पडण्याच्या वाटा किती रुंद असाव्यात, कठडे किती भार सहन करतील, याचा दाखला स्थानिक नगरपालिकेने द्यावयाचा असतो. म्हणजे ओड्सलच्या बाबतीत जमीनमालकही नगरपालिका आणि परीक्षकही नगरपालिकाच! जुन्या पायऱ्या काढून सिमेंटच्या करणे, कठडे बसविणे, विजेची आणि सांडपाण्याची सोय नीट ठेवणे, या प्रत्येक कामाला पैसा लागतो. आणि मैदान जितके मोठे तितका तो अधिक. एक लाखासाठी बांधलेल्या वाडग्यात पाच हजार लोक येऊ लागले तरी तटबंदी तेवढ्याच लांबीची सांभाळावी लागते. शिवाय भरावाची जमीन पक्क्या खडकासारखी नसते. ती दबते, सरकते. तीवर नवे बांधकाम करावयाचे तर पाया खोल घ्यावा लागतो. ज्या केरामुळे मैदान स्वस्तात झाले तोच केर पुढील बांधकाम महाग करतो.

आराखड्यांचा काळ

१९९६ साली रग्बी लीग हा हिवाळी खेळ उन्हाळ्यात आला, सुपर लीग सुरू झाली, आणि नॉर्दर्नचे नाव बदलून ‘ब्रॅडफर्ड बुल्स’, म्हणजे बैल, असे झाले. या बैलांनी काही वर्षे सर्वांना शिंगांवर घेतले. १९९७, २००१, २००३ आणि २००५ अशी चार अजिंक्यपदे, २००० आणि २००३ साली चॅलेंज कप. मैदान पुन्हा गजबजले, आणि लोकांना वाटू लागले की आता ओड्सलचा कायापालट होणार.

त्या काळापासून किती आराखडे झाले ते मोजणे कठीण. कधी छपराखालचे भव्य क्रीडागार, कधी दुकानांसह मोठे संकुल, कधी ‘क्रीडाग्राम’. नवे बांधकाम होणार म्हणून २००१ आणि २००२ या दोन हंगामांत क्लब व्हॅली परेडवर खेळावयास गेला. आराखडा कागदावरच राहिला, आणि २००३ साली क्लब परत आला तो त्याच जुन्या वाडग्यात. पुढे सरकारी खर्चात काटछाट सुरू झाली तेव्हा क्रीडाग्रामही मागे पडले.

माझ्या मते ओड्सलचे खरे दुर्दैव हे आहे. मैदान गरिबीने जितके झिजले तितकेच ते स्वप्नांनीही झिजले. उद्या येथे नवे मंदिर उभे राहणार असे ठरले की आज जुन्या देवळाचा कळस कोण दुरुस्त करणार? मोठ्या कामाची वाट पाहण्यात लहान काम राहते, आणि लहान काम राहिले की मोठे काम आणखी महाग होते. हा अनुभव घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आहे. संस्थांना मात्र तो उमगावयास वेळ लागतो.

तीन धनी

२०१२ साली जानेवारीत क्लबापाशी असलेला मैदानाचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा रग्बी फुटबॉल लीग या मध्यवर्ती संस्थेने विकत घेतला. जागा भलत्याच्या हाती जाऊ नये, असा त्यामागील उद्देश सांगण्यात आला. क्लबाला रोख पैसा मिळाला, पण आपल्याच घरात तो भाडेकरू झाला. आणि पैसा पुरला नाहीच. त्याच वर्षी क्लबावर सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे झोळी पसरण्याची पाळी आली. लोकांनी ती पुष्कळशी भरलीही. तरीही कारभार न्यायालयीन व्यवस्थापकाकडे गेला. २०१४ साली तसेच झाले. २०१६ च्या अखेरीस तिसऱ्यांदा झाले आणि ३ जानेवारी २०१७ रोजी जुनी कंपनी मोडीत निघाली. नव्या मालकांनी त्याच नावाने संघ उभा केला, त्याला खालच्या वर्गात बारा गुणांच्या दंडासह सुरुवात करावी लागली.

मैदान याही वेळी वाचले. परंतु आता कोण कशाला बांधील, हे पाहू. इंग्लंडच्या कायद्यात जमिनीची मूळ मालकी हा एक हक्क आणि दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हा दुसरा हक्क. ज्याच्याकडे असा पट्टा असतो तो बहुतेक बाबतींत मालकासारखाच वागू शकतो. आणि बहुधा दुरुस्तीचा भारही त्याच्यावर असतो. तो ज्याला जागा वर्षाच्या कराराने वापरावयास देतो त्याचा हक्क तिसरा, आणि सर्वांत कच्चा. ज्याचा करार अल्प मुदतीचा तो लाखो पौंड खर्चून पायऱ्या कशाला बांधील? पट्टेदाराला भाडे तुटपुंजे येते, तो म्हणतो माझे काम खेळ चालविण्याचे, जमीनजुमला सांभाळण्याचे नव्हे. आणि मूळ मालक म्हणतो, मी तर पट्टा देऊन मोकळा झालो आहे. तिघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात, आणि पाऊस मात्र छपरातून गळत असतो.

२०१९ साली याचे फळ दिसले. ओड्सलचा खर्च झेपत नाही म्हणून क्लब शेजारच्या ड्यूजबरी गावी गेला आणि २०२० चा हंगाम तेथे सुरू झाला. २०२१ साली तो परत आला. त्याच वर्षी मोटारींच्या शर्यतीही मैदानावर पुन्हा सुरू झाल्या, म्हणजे भाडे देणारा आणखी एक गिऱ्हाईक मिळाला. २०२६ च्या हंगामासाठी बुल्सना सुपर लीगमध्ये पुन्हा स्थान मिळाले. ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु आता वरच्या वर्गातील स्थान केवळ मैदानावरील विजयांवर ठरत नाही. वीस गुणांची एक तपासणी असते आणि तीत क्रीडांगणाच्या सोयीलाही गुण असतात. म्हणजे मोडकळीस आलेल्या पायऱ्या आता संघाच्या विरुद्ध खेळू लागल्या आहेत, असे म्हटले तरी चालेल!

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

येथवर ऐकून कोणी म्हणेल, नगरपालिकेने हात सैल सोडावा आणि मैदान दुरुस्त करून टाकावे, यात विचार तो काय करावयाचा? हे म्हणणे वाटते तितके सोपे नाही, आणि दुसऱ्या बाजूला न्याय दिल्याखेरीज निर्णय करणे बरोबर होणार नाही.

ब्रॅडफर्डची नगरपालिका आज श्रीमंत नाही. २०२४ साली तिला आपला नित्याचा खर्च भागविण्यासाठी सरकारकडे खास सवलत मागावी लागली. दोन वर्षांसाठी मिळून सुमारे बावीस कोटी पौंडांची ती सवलत होती. आणि तिचा अर्थ असा की, मालमत्ता विकून किंवा कर्ज काढून रोजचा खर्च करण्यास परवानगी. या तुटीचे एक मोठे कारण निराधार आणि संकटग्रस्त मुलांच्या संगोपनाचा वाढता खर्च हे होते. ज्या नगरपालिकेला मुलांच्या पालनपोषणासाठी आपली मालमत्ता विकावी लागत आहे तिने एका खाजगी क्लबाच्या प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधाव्यात काय, असा प्रश्न एखाद्या करदात्या गृहिणीने विचारला तर तिला उडवाउडवीचे उत्तर देता येणार नाही. शिवाय हा क्लब पाच वर्षांत तीनदा बुडाला. सार्वजनिक पैसा अशा भांड्यात का ओतावा?

कायदाही नगरपालिकेला मोकळा हात देत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तिने जमीन विकताना मिळण्याजोगी उत्तम किंमत घेतली पाहिजे. लोककल्याणासाठी कमी किमतीत देण्याची मुभा २००३ च्या सरकारी संमतीने आहे, पण ती वीस लाख पौंडांपर्यंतच्या सवलतीपुरती. दुसरीकडे २०११ च्या कायद्याने नागरिकांना एक लहानसे हत्यार दिले आहे. एखादी जागा लोकोपयोगी म्हणून नोंदविली गेली आणि मालक ती विकू लागला, तर स्थानिक मंडळाला पैसा उभा करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागता येते. मात्र मुदत संपल्यावर त्यांनाच विकावी असे बंधन मालकावर नाही. हे हत्यार ढालीसारखे आहे; त्याने वार चुकतो, लढाई जिंकता येत नाही.

मग करावे काय?

चार वाटा संभवतात. पहिली, जागा विकून टाकावी. तिने एकदा पैसा येईल आणि तो वर्षा-दोन वर्षांत खर्चून जाईल. मैदान मात्र पुन्हा येणार नाही, कारण शहरात एवढी सलग मोकळी जागा दुसऱ्यांदा कोणी देत नाही. दुसरी, फुटबॉलवाल्यांबरोबर व्हॅली परेडवर एकत्र राहावे. ही वाट व्यवहार्य दिसते. परंतु ते मैदान फुटबॉल क्लबाच्या पैशाच्या अडचणीत २००३ साली एका खाजगी पेन्शन फंडाच्या मालकीचे झाले. म्हणजे सार्वजनिक घर सोडून दुसऱ्याच्या भाड्याच्या घरात पोटभाडेकरू होणे. तिसरी वाट हल शहराने दाखविली. तेथील नगरपालिकेने आपल्या मालकीच्या टेलिफोन कंपनीचे भाग विकून आलेल्या पैशातून २००२ साली नवे मैदान बांधले आणि त्यावर फुटबॉल व रग्बी लीग दोन्ही खेळले जाऊ लागले. उत्तम योजना, पण ब्रॅडफर्डपाशी विकावयास टेलिफोन कंपनी नाही!

राहिली चौथी वाट, आणि ती सर्वांत कमी आकर्षक आहे. जमीन सार्वजनिकच ठेवावी. कारण १९६३ पासून २०१७ पर्यंत प्रत्येक संकटात मैदान वाचले ते त्यामुळेच. परंतु नुसती मालकी पुरे नाही. मैदान वापरणाऱ्याला पुरेशा लांब मुदतीचा करार द्यावा आणि त्या बदल्यात वर्षाला किती दुरुस्ती करावयाची हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. तिचा हिशेब दरवर्षी नागरिकांपुढे ठेवावा. मैदान एकाच क्लबाच्या पंधरा-वीस सामन्यांसाठी नव्हे, तर शाळांच्या मुलांना, मुलींच्या संघांना, शर्यतींना आणि इतर खेळांना वर्षभर मोकळे असावे. म्हणजे करदात्या गृहिणीच्या प्रश्नाला उत्तर मिळेल. आणि एक लाखांचे स्वप्न सोडून जितके लोक खरोखर येतात त्यांना सुरक्षितपणे, कोरड्या अंगाने बसता येईल एवढा भाग आधी नीट करावा. बाकीच्या उतारावर गवत वाढले तरी चालेल. गवताला लाज वाटत नाही. मोडक्या कठड्याने मात्र माणूस मरतो, हे ब्रॅडफर्डइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक आहे?

या वाटेने गेल्यास क्लब पुन्हा बुडणार नाही अशी हमी नाही. क्लब पुन्हा बुडेलही. पण तो बुडाला तरी नव्याने जमणाऱ्या माणसांना उभे राहण्यास जागा असेल, आणि सार्वजनिक मालकीचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे हाच आहे. १९६३ साली जी ३२४ माणसे त्या ओसाड वाडग्यात उभी होती त्यांच्यापाशी त्या दिवशी चांगला संघ नव्हता, पैसा नव्हता, आशाही फारशी नसेल. त्यांच्यापाशी मैदान होते. पुढच्याच वर्षी तेथे पुन्हा चेंडू उडाला तो त्या एका गोष्टीच्या बळावर.

तेव्हा मैदान कोणाचे, या प्रश्नाला उताऱ्यावर एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. परंतु पायऱ्यांची दुरुस्ती कोणी करावयाची, हे जोवर त्या उताऱ्याखाली कोणी लिहीत नाही, तोवर ते उत्तर अपुरेच राहणार. आपल्या गावात एखाद्या मोकळ्या जागेचा वाद निघेल तेव्हा मालकाचे नाव विचारावेच. पण त्याबरोबर गेल्या वर्षी तिच्या डागडुजीवर किती खर्च झाला आणि तो कोणी केला, हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पहिल्या उत्तराचा उपयोग थोडाच आहे.